पोरगा खेळतो चांगला, पण खेळतो कुणाकडून? हौशी खेळांच्या संघटनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरातल्या एका कबड्डी-खो-खो मंडळाचा कार्यवाह. शिकवायचं काम मैदानावरची माणसं करतात. माझ्याकडे एक लोखंडी कपाट, चार बॉक्स फाइल आणि मंडळाचा रबरी शिक्का. जून उजाडला की पालक येतात, ऑगस्टमध्ये शाळांचे क्रीडाशिक्षक येतात आणि भरती निघाली की फ्रेम केलेली प्रमाणपत्रं काखोटीला मारून पोरं येतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

‘हौशी’ म्हणजे फुकट खेळणारा का?

एके काळी अगदी तसंच होतं. खेळावर पैसे घेतले की माणूस बाटला, असा नियम होता. अमेरिकेच्या जिम थॉर्पनं १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवली. पण त्याआधी तो थोड्या मानधनावर बेसबॉल खेळला होता, म्हणून पुढच्याच वर्षी ती काढून घेतली. परत दिली तोवर १९८२ उजाडलं आणि थॉर्प जाऊन जवळपास तीस वर्षं झाली होती. आता ऑलिंपिकमध्ये तशी अट राहिलेली नाही. नावात मात्र ‘हौशी’ टिकून आहे. कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेचं नाव आजही ‘अमॅच्युअर कबड्डी फेडरेशन ऑफ इंडिया’ आहे, आणि त्याच खेळाची प्रो लीग २०१४ पासून टीव्हीवर चालू आहे.

व्यवहारात हौशी म्हणजे पोट दुसऱ्या कामावर चालतं आणि खेळ सवडीनं होतो. आमच्या मंडळात यंत्रमागावर पाळी करून येणारे आहेत, बँकेतले आहेत, कॉलेजातले आहेत. खरं सांगायचं तर खेळाडूपेक्षा हौशी असतात ते संघटना चालवणारे.

जिल्हा क्रीडा कार्यालय आणि जिल्हा संघटना एकच ना?

नाही. सोलापुरात सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. कुठलंही काम असो, माणूस उठतो आणि थेट क्रीडा कार्यालय गाठतो.

क्रीडा कार्यालय हे सरकार. राज्यघटनेत खेळ हा विषय राज्यांच्या यादीत आहे. म्हणून मैदानं, संकुलं, शालेय स्पर्धा, अनुदान, शिवछत्रपती पुरस्कार हा सगळा पसारा राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे आहे आणि जिल्ह्यात तो जिल्हा क्रीडा अधिकारी बघतात.

संघटना ही खासगी संस्था. तुमच्या-माझ्यासारख्या लोकांनी नोंदवलेली, वर्गणीवर चालणारी. ती सरकारच्या पगारावर नाही, आणि सरकारही तिला ‘अमक्याला संघात घ्या’ असा हुकूम सोडू शकत नाही. खेळाचे नियम, पंच, जिल्ह्याचा संघ आणि राज्य अजिंक्यपदाला कोण जाणार, हे संघटना ठरवते.

दोघांची गाठ शालेय स्पर्धांत पडते. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या या स्पर्धा सरकार भरवतं, पण शिट्टी संघटनेच्या पंचांच्या तोंडात असते. आणखी एक खाच लक्षात ठेवा. शालेय स्पर्धांत सोलापूर महापालिका क्षेत्र आणि सोलापूर ग्रामीण हे दोन वेगळे जिल्हे धरतात. त्यामुळे शहरातल्या शाळेचा मुलगा आणि मोहोळच्या शाळेचा मुलगा पुणे विभागीय स्पर्धेत समोरासमोर येऊ शकतात. शेजारचं धाराशिव क्रीडा खात्याच्या हिशोबानं लातूर विभागात जातं. त्यामुळे तिथले तगडे खो-खोपटू विभागात आपल्यासमोर येत नाहीत; सोलापूरकरांना तेवढीच सवलत, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

गल्लीपासून दिल्लीपर्यंतची साखळी कशी असते?

मंडळ जिल्हा संघटनेला संलग्न, जिल्हा राज्य संघटनेला, राज्य राष्ट्रीय महासंघाला, आणि महासंघ त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला. राष्ट्रीय महासंघाला वरून आंतरराष्ट्रीय मान्यता लागते आणि देशात सरकारची. यातली एक जरी तुटली तरी खालच्यांना झळ लागते.

ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धांना भारताचं पथक भारतीय ऑलिंपिक संघटना पाठवते. ती १९२७ ची, पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा. तिचं मूळ आपल्या पुण्यात आहे. डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहून टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठवण्याचं मनावर घेतलं, तिथून ही सुरुवात झाली. स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे ‘साई’, ही वेगळी. ती सरकारी आहे, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांनंतर १९८४ मध्ये स्थापन झाली. प्रशिक्षण केंद्रं, शिबिरं आणि प्रशिक्षकांसाठीचा पतियाळाचा एनआयएस अभ्यासक्रम तिच्याकडे आहे.

साखळीच्या कड्या नेहमी नकाशाप्रमाणे नसतात. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र, विदर्भ आणि कोल्हापूर असे तीन संघ उतरतात. क्रिकेटमध्ये मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. सोलापूर महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या पदरात आहे, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला.

आमचं मंडळ संलग्न नाही. काय बिघडतं?

खेळायचंच असेल तर काही नाही. गणेशोत्सवातल्या, गड्डा जत्रेच्या सुमाराच्या, नेत्यांच्या वाढदिवसाच्या खुल्या स्पर्धा खुशाल खेळा. रोख बक्षीस तिथंच जास्त असतं. अडचण येते ती प्रमाणपत्र वापरायची वेळ आली की.

आमच्या गल्लीतला एक पोरगा. वडील म्हणाले, “सर, पोराचं नॅशनल झालंय की!” गोव्याला स्पर्धा, माणशी साडेसहा हजार भरले, सुवर्णपदक मिळालं. घरात देवघराशेजारी सोनेरी फ्रेममध्ये प्रमाणपत्र लागलं. दोन वर्षांनी भरती निघाली. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याआधी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. झेरॉक्ससाठी आम्ही माझ्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हरनं त्या फ्रेमच्या पाठीमागचे खिळे काढले. प्रमाणपत्रावर तीन सह्या, सोनेरी सील आणि भारताचा नकाशा. फक्त ज्या संस्थेचं नाव वर छापलं होतं ती कुणाला संलग्न आहे, याचा एका ओळीतही पत्ता नव्हता. पडताळणीत ते बाद झालं. पोरगा खरंच चांगला खेळतो. चुकीच्या छत्राखाली खेळला, एवढंच.

दहावी-बारावीच्या वाढीव गुणांनाही हाच न्याय आहे. स्पर्धा मान्य असावी लागते आणि प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. मार्चमध्ये धावाधाव करण्यापेक्षा ज्या दिवशी प्रमाणपत्र हातात येईल त्याच दिवशी शाळेत एक प्रत द्या.

खरी संघटना ओळखायची कशी?

जिल्हा संघटनेकडे राज्य संघटनेचं चालू वर्षाचं संलग्नता पत्र मागा. राज्य संघटनेनं राष्ट्रीय महासंघाचं दाखवावं, आणि महासंघाला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का ते मंत्रालयाच्या यादीत बघा. पत्र मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे पत्र नसतं, हा माझा अनुभव.

बाकी खुणा डोळ्यांना दिसतात. निवड चाचणी न होता थेट ‘राष्ट्रीय’, प्रवेश फी हजारांत, चार संघांत चार चषक, आणि नावात ‘इंडिया’, ‘इंटरनॅशनल’, ‘ऑलिंपिक’ यांची खिरापत. त्या वाटेला जाऊ नका.

एकाच खेळाच्या दोन संघटना असतील तर?

मग मात्र डोकं धरून बसायचं. कुस्तीत हे आपण जवळून पाहिलं. ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ पासूनची, गदा एकच. पण राज्यातल्या कुस्ती संघटनेत दोन गट पडले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. फुलगावला आपल्या मोहोळचा सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. दोघांनीही घाम गाळूनच गदा मिळवली होती, तरी पारावर वर्षभर वाद चालला तो खरा केसरी कोण याचा.

अशा वेळी पालकांना माझं एकच सांगणं असतं: ज्या गटाकडे राष्ट्रीय महासंघाची चालू मान्यता आहे, तिकडून मुलाला खेळवा. आपला गाववाला कुठल्या गटात आहे ते नंतर बघा. वाद कोर्टात असेल तर अंतरिम आदेश काय आहे ते विचारा, आणि त्या वर्षीचा प्रत्येक कागद जपून ठेवा, अगदी नोंदणीची पावतीसुद्धा.

दिल्लीतल्या भांडणाशी सोलापूरच्या पोराचा काय संबंध?

असतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेला निलंबित केलं. निवडणुकीतला सरकारी हस्तक्षेप आणि आरोप असलेले पदाधिकारी, ही कारणं. फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आपले खेळाडू तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या झेंड्यामागून चालले. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं भारतीय फुटबॉल महासंघाला काही दिवस बाहेर ठेवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये कुस्ती महासंघाच्या निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेनं निलंबन केलं, आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तटस्थ म्हणून उतरले.

तिन्ही वेळी खेळाडूनं काही चूक केली नव्हती. घटना, मतदार यादी, मुदत, हे कार्यवाहांच्या टेबलावरचे विषय. वरची मान्यता गेली की खालच्या निवड चाचण्या अडतात, वयोगटातल्या पोराचं एक वर्ष जातं, आणि ते वर्ष परत येत नाही.

२०२५ चा नवा क्रीडा कायदा काय सांगतो?

त्याआधी सगळा कारभार २०११ च्या क्रीडा संहितेवर चालायचा. ती सरकारची नियमावली होती, संसदेचा कायदा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. महासंघांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद सोडवण्यासाठी न्यायाधिकरण, आणि निवडणुकांवर देखरेखीसाठी वेगळं पॅनेल. महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ जण, त्यात किमान ४ महिला आणि किमान २ नामवंत खेळाडू. सरकारी पैसा घेणाऱ्यांना त्या पैशापुरता माहिती अधिकारही लागू. क्रिकेट बोर्डही या छताखाली आलं.

माझं मत विचाराल तर न्यायाधिकरण ही सगळ्यात कामाची गोष्ट. निवडीचे आणि निवडणुकांचे खटले वर्षानुवर्षं वेगवेगळ्या कोर्टांत पडून असायचे. मात्र हा कायदा मुळात राष्ट्रीय पातळीचा. आमच्या जिल्ह्याच्या सर्वसाधारण सभेत चहा कुणी सांगायचा इथपासूनचे वाद तो मिटवणार नाही.

आम्हाला मंडळ नोंदवायचं आहे. कसं करायचं?

किमान ७ जण जमवा. सातही एकाच घरातले नकोत. नाव, उद्देश, घटना म्हणजे नियमावली आणि ठराव तयार करून सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात अर्ज करायचा. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन नोंदण्या होतात.

नोंदणी होईपर्यंत सगळ्यांना उत्साह असतो. खरं दुखणं पुढे आहे. दरवर्षी हिशेब तपासून घ्या. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करा. हा अर्ज राहतो आणि मंडळं त्यातच अडकतात. कागदोपत्री अध्यक्ष म्हणून वारलेले गृहस्थ, बँकेत सही चालणारा खजिनदार पुण्यात, आणि सध्याचं मंडळ कायद्याच्या दृष्टीनं अस्तित्वातच नाही, अशी उदाहरणं प्रत्येक तालुक्यात सापडतील. सभेचं इतिवृत्त त्याच रात्री लिहा आणि सूचक-अनुमोदकांची नावं घाला. सह्या घ्यायला उद्या घरोघरी जाईन म्हणालात तर तो उद्या दिवाळीनंतर उगवतो.

पैसा कुठून आणायचा?

वर्गणी, जुने खेळाडू, आणि आपल्याकडे चादर-टॉवेलच्या कारखानदारांची मेहेरबानी. आमचे पहिले ट्रॅकसूट एका कारखानदारानंच दिले. पाठीवर त्यांच्या टॉवेलचं नाव होतं आणि पोरांना वर्षभर त्याच नावानं हाक पडायची.

मोठा देणगीदार ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत विचारतो, म्हणून आयकर खात्याची ती नोंदणी करून ठेवा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी ग्रामीण खेळ, मान्यताप्राप्त राष्ट्रीय खेळ, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो, तशी २०१३ च्या कंपनी कायद्यात तरतूद आहे. बाकी वर्गणीला कमी लेखू नका. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांवर. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आलं.

वय आणि वजनाची एवढी कटकट कशाला?

कारण चोरी तिथंच होते. कबड्डीत कुमार आणि किशोर गटांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा आहे. निवड चाचणीच्या सकाळी साडेसहाला या कधीतरी. सुताच्या गोदामातून आणलेला काटा, रांगेत चड्डीवर कुडकुडणारी पोरं, रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा चतकोर. काटा दोनशे ग्रॅम वर दाखवतो, पोरगा हातातला गंडा काढतो, कमरेचा करदोडा काढतो, पुन्हा चढतो. आम्ही त्याला मैदानाला तीन फेऱ्या मारायला सांगायचो. आता सांगत नाही. तहानलेल्या पोराला पळवणं हा खेळ नव्हे. तो पुढच्या गटात खेळेल.

वयासाठी मूळ जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड आणि आधार. तिन्हीवर तारीख एकच हवी. नसेल तर ते आजच दुरुस्त करा, संघ रवाना होण्याच्या आदल्या दिवशी नाही. संशय आला तर हाडांवरून वय ठरवणारी वैद्यकीय चाचणी होते आणि खोटं सापडलं तर बंदी येते.

निवडीत अन्याय झाला तर दाद कुठे मागायची?

आधी जिल्हा संघटनेकडे, लेखी, पोच घेऊन, दोन दिवसांच्या आत. मग राज्य संघटनेकडे. निवड समितीत कोण होतं, चाचणीची सूचना कधी लागली, गुणपत्रक आहे का, एवढं विचारा. “माझा मुलगा सगळ्यात भारी आहे” हे अर्जात लिहू नका, ते प्रत्येकच बापाला वाटतं. व्हॉट्सअॅपवर आधी बोंब मारलीत तर पुढे तुमचा अर्ज कुणी नीट वाचत नाही. हे बरोबर आहे असं नाही, पण असं होतं.

दुसऱ्या जिल्ह्याकडून खेळता येतं का?

येतं, मूळ जिल्ह्याचं ना-हरकत पत्र घेऊन. एका हंगामात दोन जिल्ह्यांकडून नाही.

दिव्यांग खेळाडूंसाठी वेगळी संघटना आहे का?

आहे. भारतीय पॅरालिंपिक समिती आणि तिच्या राज्य संघटना. खेळाडूचं वर्गीकरण, म्हणजे कोणत्या प्रकारच्या अपंगत्वाचा कोणता गट, तिथं ठरतं. ते झाल्याशिवाय पुढं काही नाही, म्हणून त्यापासूनच सुरुवात करा. आपल्या करमाळा तालुक्यातल्या जलतरणपटू सुयश जाधवला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी मिळाला.

जिममधली पावडर चालते का?

मी तरी नको म्हणतो. उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘नाडा’, नमुना घेते तेव्हा “मला माहीत नव्हतं” हे चालत नाही. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. सर्दीच्या काही गोळ्यांतही बंदी असलेली द्रव्यं असतात, म्हणून डॉक्टरांना आपण स्पर्धा खेळतो हे आधीच सांगा.

मुलीला बाहेरगावी संघाबरोबर पाठवायचं धाडस होत नाही.

मग हे विचारा: संघाबरोबर महिला व्यवस्थापक आहे का, राहायची सोय कुठे, तक्रार समितीत कोण आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर पाठवू नका. १८ वर्षांखालच्या मुलामुलींच्या बाबतीत काही वावगं घडलं तर ते संघटनेत ‘मिटवायचं’ नसतं, पोलिसांत कळवायचं असतं; न कळवणं हाच पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८.

मला खेळता येत नाही, पण काम करायचं आहे.

या. पंच परीक्षा द्या, गुणलेखक व्हा. मानधन पेट्रोलपुरतं असतं आणि शिव्या पोटभर. किंवा माझ्या जागेवर या, मी मनापासून सोडायला तयार आहे. लागणारं सामान: इतिवृत्ताचं पुठ्ठ्याचं रजिस्टर, पावतीपुस्तक, पोच लावायची फाइल, शिक्का. शिक्क्याच्या पॅडची शाई वाळली तर त्यात पाणी घालू नका, ठसा पसरतो आणि राज्य संघटना अर्ज परत पाठवते. नवीन बाटली कपाटाच्या खालच्या कप्प्यात, चटणीच्या डब्यामागे आहे.